पस्तीस किलो, शंभर मीटर

६ जानेवारी

दुखणं : दहापैकी सात.

रुचिता मॅडमनं सांगितलं आहे की रोज लिहायचं. किती दुखलं, कोणता व्यायाम किती वेळा केला, बस. बाकी लिहायची गरज नाही म्हणाली. पण वही दोनशे पानांची आहे आणि मला दिवसभर पडूनच राहायचं आहे, तेव्हा बाकीचंही येईलच. दहावीनंतर एवढं सलग पहिल्यांदाच लिहून राहिलो. हात दुखतो. तो दहापैकी दोन.

झालं असं. राकेश माझा शाळेतला दोस्त, आता ट्रक चालवतो. त्यानं मला भनपुरीच्या एका गोदामात लावून दिलं. तांदळाच्या बोऱ्या, पन्नास-पन्नास किलोच्या. अकरा दिवस बरे गेले. बाराव्या दिवशी ट्रकच्या फळीवरून बोरी ओढली, पाय होते तिथंच ठेवले, नुसती कंबर वळवली, आणि आत कापड फाटावं तसं झालं. त्याच बोरीवर बसून राहिलो. हमाल म्हणाले, लचक भरली, नवा आहे. एकानं मला पालथं पाडून पाठीवर पाय दिला. त्यानं अजूनच बिघडलं.

सरकारी दवाखान्यात फोटो काढला. हाड ठीक आहे, स्नायू दुखावला आहे म्हणे. तिथूनच व्यायामासाठी रुचिता मॅडमकडे पाठवलं.

काम अर्धवट सुटण्याचं मला नवल नाही. सुरतला साड्यांच्या घड्या घातल्या, चार महिने. हैदराबादला हॉटेलात. रायपूरलाच टेंट हाऊसमध्ये दोन सीझन मंडप बांधले. मधे नांदेडला गेलो होतो, ते काहून गेलो होतो हे आता आठवत नाही. फरक एवढाच की या वेळी पुढं तारीख आहे. १९ फेब्रुवारी, बिलासपूर, रेल्वेची शारीरिक परीक्षा. पस्तीस किलोचं पोतं उचलून शंभर मीटर न्यायचं, दोन मिनिटांत, मधे कुठंही खाली टेकवायचं नाही. संधी एकच. मग हजार मीटर पळायचं, सव्वाचार मिनिटांत.

लेखी परीक्षेचा फॉर्म बाबांनी भरला होता. बाबा म्हणजे नत्थू मेश्राम, चौतीस वर्षं रेल्वेच्या रुळांवर काम केलं, आता रिटायर. मी पेपर दिला, विसरलो, आणि यादीत नंबर आला. मला अजून पटत नाही. आईनं तर पूर्ण पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सांगून टाकलं, "आमचा यशदीप लागला." लागला कुठं? चटईवर पडला आहे.


८ जानेवारी

दुखणं : सात.

शंकर नगरला मॅडमच्या क्लिनिकमध्ये गेलो होतो. ऑटोत बसताना आणि उतरताना जीव गेला. रुचिता मॅडम चौबे कॉलोनीतली, तिचे आजोबा अमरावतीकडून आले. मराठी सगळी समजते तिला, पण उत्तर हिंदीत देते. मीही घराबाहेर तेच करतो, म्हणून काही बोललो नाही.

शर्ट वर करायला सांगितला तर आत बेल्ट. मेडिकलमधून घेतलेला, चार बोटं जास्तच रुंद, मागं लोखंडी पट्ट्या असलेला. तो बांधला की मला वाटतं कोणीतरी मागून धरून ठेवलं आहे.

"ये कब से पहन रहे हो?"

"झोपताना सोडतो."

"और बाकी टाइम?"

"बाकी वेळ तोच माझी पाठ आहे मॅडम."

ती हसली नाही. म्हणाली, माणसाच्या पोटात देवानं आधीच एक बेल्ट दिला आहे. (आई तिथं असती तर म्हणाली असती, देव मधे काहून आणते.) समोरून, बाजूनं, मागून, सगळीकडून गुंडाळलेला, स्नायूंचा. वर श्वासाचा पडदा, खाली कमरेचा तळ. तो आवळला की मणके सरळ एकावर एक राहतात. बाहेरचा बेल्ट दिवसभर बांधला की आतला झोपी जातो.

तिला वाटलं, मला समजलं नाही. पण मला टेंट हाऊस आठवत होतं. मंडपाचा मधला बांबू कितीही जाड घ्या, तो एकटा उभा राहत नाही. चारी बाजूंच्या दोऱ्या सारख्या ताणल्या तरच राहतो. एक दोरी ढिली पडली की पाहुण्यांच्या ताटात. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "बस, यही है. मुझे भी ये वाला एग्ज़ाम्पल लिख के दो."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं बोलणं लिहून मागितलं.

बेल्ट घरी खुंटीवर टांगायचा, असा हुकूम.


९ जानेवारी

टांगला नाही.


१२ जानेवारी

दुखणं : सहा.

टांगला. न बांधता संडासापर्यंत जायला भीती वाटते.

व्यायाम तीन. एक, उताणं पडून गुडघे वर, हात वर, मग उजवा हात आणि डावा पाय हळूहळू खाली न्यायचा, पाठ चटईवरून उठू द्यायची नाही. उलटं पडलेलं झुरळ पाहिलं आहे, तसं. दोन, चार पायांवर होऊन उलटा हात-पाय लांब करायचा. तीन, कोपरांवर फळीसारखं राहायचं. मला अकरा सेकंद येतं. आतलं पोट आवळायचं आणि श्वासही चालू ठेवायचा, हे दोन्ही एका वेळी जमत नाही. आवळलं की श्वास थांबतो, श्वास घेतला की पोट सुटतं. मॅडम म्हणते, कोणी पोटात गुद्दा मारणार आहे असं समज. मी समजतो, मग मला हसू येतं, मग दुखतं.

चौथ्या वेळी मांजर येऊन पोटावर बसलं. शेजारच्यांचं आहे, कान अर्धा तुटलेला. कुठं तुटला असेल, यावर विचार करत अर्धा तास गेला.

बाबा खुर्चीवरून पाहत होते. ते खाली बसतच नाहीत. जेवणही खुर्चीवर, आम्ही दोघं खाली. त्यांचा पेपर खाली पडला तर पायानं सरकवत आईकडे नेला आणि म्हणाले, "कांता, पेपर." आईनं पोळ्या सोडून उचलून दिला. मी म्हणालो, "साहेब, घंटी लावून देऊ का?" बाबा म्हणाले, "तू आपलं झुरळ कर."

त्यांच्या पायात मोजेही आई घालून देते. रिटायर झाल्यापासून ताठा वाढला आहे माणसाचा.


१५ जानेवारी

दुखणं : सहा. कंटाळा : नऊ.

राकेशचा फोन. पुढच्या महिन्यात ट्रक विशाखापट्टणमला जाणार. "चल बे, समुद्र पाहू." सांगितलं, मी झुरळ आहे. त्याला समजलं नाही. समजावलं नाही.


१९ जानेवारी

दुखणं : पाच.

काल विहारात वंदनेला गेलो, आईनं ओढून नेलं. सगळे खाली मांडी घालून बसले. भन्ते म्हणाले, पाठ सरळ, श्वास येतो त्याकडे पाहा, जातो त्याकडे पाहा. मी पाहिलं. मॅडमचं आतलं पोट आवळून बसलो तर पाठ खरंच आपोआप वर गेली, जशी कोणी डोक्याला दोरी बांधून हळूच ओढली. पाच मिनिटं बसलो असेन. यापूर्वी मी विहारात पाच मिनिटं बसलो होतो ते नावापुरतं, अर्धा वेळ माझं लक्ष खिचडीवर.

डोळे उघडले तर बाबा नेहमीसारखे दारापाशी उभे, चपलांवर नजर ठेवून. वंदनाही उभ्यानं. समितीतले श्यामरावजी म्हणाले, "नत्थूभाऊ, या ना, बसा." बाबा म्हणाले, "चपला कोण पाहीन?" चपला कोण नेणार आहे आमच्या? पण नाही, चार लोकांत बसतील तर ते नत्थू मेश्राम कसले.

आज मॅडमला सांगितलं, माझ्या बाबांची पाठ पाहा एकदा, एकसष्ट वर्षांचे आहेत, काठीसारखी सरळ. ना व्यायाम ना काही.

तिनं विचारलं, "झुकते हैं?"

"कोणासमोर नाही."

ती लिहीत होती ते थांबली. "उन को एक बार ले आओ."

तिला नमुना दाखवायचा असेल बाकीच्या पेशंटांना. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "मले काय धाड भरली?" आई भाजी चिरत होती. तिचा हात थांबला, मग परत चालू.


२४ जानेवारी

दुखणं : चार. फळी : चाळीस सेकंद.

बाकी लिहिण्यासारखं नाही. तेलीबांधा तलावावर जाऊन आलो चालत. बेल्टशिवाय. एक माणूस बदकांना चिवडा घालत होता.


२९ जानेवारी

दुखणं : तीन.

मॅडमनं वजन सुरू करायला सांगितलं. आधी दहा किलो, मग वीस. गुडघ्यातून खाली जायचं, वजन अंगाशी धरायचं, पोट आवळायचं, वळायचं तर पायानं वळायचं, कंबर वळवायची नाही. श्वास सोडत उठायचं.

मी श्वास कोंडूनच उठतो. वीस किलोला चेहरा लाल होतो आणि कमरेत ती जुनी जागा बोट दाखवल्यासारखी दुखते. मॅडम म्हणते, पस्तीसला असंच केलं तर तिथंच बसशील. एकवीस दिवस उरले. थकलो आहे खरं म्हणजे. दुखण्यानं नाही, रोज तेच करण्यानं. मी एका खोलीत एवढे दिवस एकाच कामाला याआधी लागून राहिलोच नाही. सुरतला चार महिने होतो, पण तिथं खोल्या चार बदलल्या.


२ फेब्रुवारी

दुखणं : तीन, मग पाच, मग परत तीन.

आज सकाळी अंगणात रेतीचं पोतं भरलं. किराणावाल्याच्या काट्यावर मोजून आणलं, पस्तीस पूर्ण. वाकलो, धरलं, श्वास कोंडला, उठवलं, मांडीपर्यंत आलं आणि सुटलं. परत. परत सुटलं. तिसऱ्या वेळी शिवी घातली पोत्याला.

बाबा दारात उभे होते. "शिवी नको देऊ. आवाज दे."

"कोणाले?"

"पोत्याले." मग पायरीवरून एक-एक पाय टाकत खाली आले. "आमी रूळ उचलो तं मेट, आमचा मुकादम, म्हणे, धरा! आमी सारे म्हणो, हूं! बस त्या हूं वर रूळ वर येये. तोंड बंद करून कोणी उचललं नाही आमच्या गँगमदी. तोंड बंद केलं का माणूस फुटते."

"हे हूं काय मंत्र आहे का?"

"कर तं खरं."

केलं. घशातून निघालं, बकरीसारखं. बाबा म्हणाले, "हैदराबादची बिर्याणी खाऊन पोट्ट्याचं पोट घशात आलं." त्यांनी त्यांचा पंजा माझ्या बेंबीखाली ठेवला. खरबरीत, गरम. लहानपणानंतर त्यांनी मला असा हात लावल्याचं आठवत नाही. "इथून."

हूं.

आणि ते झालं. मॅडम ज्यासाठी चार आठवडे डोकं फोडून राहिली, ते. आवाज खालून निघाला की श्वास जातो आणि पोट चारी बाजूंनी आपोआप आवळतं, दोन्ही एका वेळी. मंडपाच्या सगळ्या दोऱ्या एकदम. पोतं कमरेपर्यंत आलं. पण तिथून खांद्यावर न्यायचं काही जमेना.

"सरक," बाबा म्हणाले.

आई आतून धावत आली. "अहो, तुम्ही नका—"

"तू भात पाह्य."

त्यांनी पाय रोवले. गुडघ्यातून खाली गेले, हळू, फार हळू. पोतं छातीशी घेतलं. "धरा," स्वतःच म्हणाले, आणि "हूं", आणि पोतं खांद्यावर, जसं ते तिथं नेहमीच होतं. अंगणात चार पावलं टाकली. मग मला म्हणाले, "घे." मी त्यांच्या खांद्यावरून माझ्या खांद्यावर घेतलं. ते तसेच उभे राहिले, एक हात भिंतीला लावून. डोळे मिटले होते. जुने दिवस आठवत असतील.

मी विचारलं, तुमचं सगळं आयुष्य गँगमधेच गेलं का?

"नाही. मंग चाबीवाला केलं मले. एकट्यानं रोज रूळ पाहत जाचं, हातोडा घेऊन, रूळ धरणारी ढिली चाबी ठोकत. आठ किलोमीटर."

"मग तेव्हा काही उचलायचं असलं तर?"

"एकट्यानं कोणाले आवाज देणार? तोंड बंद करून उचलो."

आत गेले आणि तख्तावर आडवे झाले. जेवायला उठले नाहीत. मी मात्र दोन वेळा जेवलो.


४ फेब्रुवारी

दुखणं : दोन!

बाबांना ताप आहे म्हणे. हात लावून पाहू दिला नाही आईनं. तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधते आणि आत घेऊन जाते. तापाला मीठ! आईची औषधं अशीच असतात.

मॅडमला हूं करून दाखवलं. तिनं बाकीच्या चार पेशंटांना करायला लावलं. एक गुप्ता आंटी एवढ्या जोरात हुंकारली की बाहेरचा गार्ड आत आला.

"किस ने सिखाया?"

"बाबांनी. पोतं उचलून दाखवलं."

"ख़ुद उठा के?" तिचा चेहरा बदलला. "अब कैसे हैं?"

म्हणालो, ताप आहे थोडा. ती काही तरी बोलणार होती, पण गुप्ता आंटीच्या पायात वांब आला.


८ फेब्रुवारी

दुखणं : दोन.

पस्तीस किलो, घरापासून पंपापर्यंत. शंभरच्या वरच आहे. पायात गोळे आले पण कमर शांत.

बाबा उठले. दाढी केली, पेपर वाचला, मला म्हणाले पळण्याकडे पाह्य, नुसतं पोतं घेऊन बसू नको. म्हणजे बरे आहेत.

खुंटीवरचा बेल्ट दिसत नाही. आईला विचारलं, माझा बेल्ट कुठं गेला? म्हणाली, "मळला होता, धुतला." वाळत घातलेलाही दिसला नाही. बहुतेक कोणाला देऊन टाकला. आई वस्तू अशाच वाटते आणि मग दुनिया गोळा करून विचारते कुठं गेली.


१३ फेब्रुवारी

दुखणं लिहीत नाही आज.

राकेशचा विशाखापट्टणमचा ट्रक भनपुरीहून दुपारी निघणार होता. सकाळपासून माझ्या पायाला तीच जुनी खाज, निघून जायची. सहा दिवस उरले आणि मला वाटू लागलं, समजा झालो पास. मग? मग तोच रूळ, तेच ऊन, तीस वर्षं, आणि रिटायर होऊन खुर्चीवर बसून म्हणायचं, कांता, पेपर. समुद्र मी पाहिलेलाच नाही. सुरतला असून नाही पाहिला, सुट्टीच्या दिवशी झोपलो होतो.

आई बाजारात. बाबा खिडकीपाशी उभे, माझ्याकडे पाठ. मी कपाटावरून बॅग काढली. चेन वाजली. काही विचारतील म्हणून थांबलो.

न वळता म्हणाले, "बॅग गुडघ्यातून उचल. कमरेतून नको."

"हव," म्हणालो आणि निघालो.

भनपुरीला पोचलो. ट्रक भरून होत होता. माझ्याच जागेवर नवा माणूस, पाय तिथंच ठेवून कंबर वळवत होता. मी ओरडलो, "भैया, पैर से घूमो!" तो म्हणाला, तू कोण? बरोबर होतं त्याचं. राकेशनं चहा सांगितला. मग मला आठवलं, पळायचे बूट घरी राहिले. विशाखापट्टणमला पळायचे बूट कशाला लागतात, हे राकेशनं विचारलं. मी म्हणालो, घेऊन येतो, तू थांब.

थांबला नसेल फार वेळ.

घरी बूट भिंतीवर वाळत होते, धुतलेले, नाड्या वेगळ्या काढून. बाबा तिथंच, त्याच खिडकीपाशी. जणू मधले तीन तास झालेच नाहीत.

"जेवला का?" एवढंच विचारलं.


१७ फेब्रुवारी

दुखणं : एक.

मॅडम म्हणाली आता यायची गरज नाही, व्यायाम मात्र जन्मभर. जन्मभर या शब्दानं थकवा आला. निघताना परत म्हणाली, "पापा को लाना. मज़ाक नहीं कर रही." म्हणालो, ते तुमच्याकडे कशाला येतील, त्यांना काही नाही झालं. ती म्हणाली, "तुम ने पूछा है?"

असं कोण विचारतं बापाला?

बाबा म्हणतात, बिलासपूरला मी येतो सोबत. आई नको म्हणाली. दोघांत खुसफूस चालली होती. मी पण म्हणालो, मी काय लहान आहे? बाबा म्हणाले, "आवाज देणारा पाह्यजे एक."


२० फेब्रुवारी

काल लिहिलं नाही. आज लिहितो. अंग आंबलं आहे, पण नीट लिहितो.

सकाळच्या गाडीला गर्दी नव्हती. समोरासमोर दोन जागा होत्या. मी बसलो. बाबा दाराजवळच्या दांडीला धरून उभे राहिले. भाटापारा स्टेशन गेलं, तरी उभे. एका बाईनं सरकून जागा करून दिली, "बैठिए अंकल." म्हणाले, "चौतीस बरस बैठ के ही तो काटे हैं." सगळे हसले. मला राग आला. बापलेकानं दोन तास शेजारी बसून चार गोष्टी बोलाव्यात, तर हे दारात उभे, रूळ बघत.

मैदानावर शे-दीडशे पोरं. आम्हाला आत घेतलं, घरचे लोक जाळीच्या बाहेर. ऊन चढलं. माझ्या आधीच्या पोरानं साठ मीटरवर पोतं टेकवलं आणि तसाच त्यावर डोकं ठेवून राहिला. शिपायानं त्याला उठवलं, हळूच उठवलं. तो गोंदियाचा होता. सकाळी मला शेंगदाणे दिले होते त्यानं.

माझा नंबर. पोत्यापाशी उभा राहिलो तर सगळं पुसलं गेलं. आतलं पोट कुठं आहे तेच सापडेना. कमरेतली ती जागा, जी आठ दिवस गप्प होती, ती म्हणाली, मी आहे बरं. शिट्टी झाली. घड्याळ सुरू. मी वाकलो, धरलं आणि श्वास कोंडला. मला समजत होतं की कोंडला आहे. सोडता येईना.

"धरा!"

जाळीच्या बाहेरून. पूर्ण मैदानानं मान वळवली. मी न पाहताच ओळखला आवाज. रुळावरचा, दूर पोचणारा आवाज.

"हूं!"

हा माझा. पोतं कमरेवर.

"धरा!"

"हूं!" पोतं खांद्यावर.

पोरं हसत होती. एकानं शिट्टी मारली. मी चालत होतो. मणक्यावर मणका, दोऱ्या ताणलेल्या, श्वास चालू. पुढं पन्नास मीटरवर पाय थरथरले तेव्हा परत आवाज आला, या वेळी फाटका, जसा त्यांनाच कोणी मागून ढकललं असावं. शंभरच्या रेघेपलीकडे पोतं ठेवलं. गुडघ्यातून ठेवलं. एक मिनिट चार सेकंद. पळण्यात चार मिनिटं नऊ. दोन्हींत पास. आता कागद तपासणी आणि मेडिकल, मग पुढचं.

बाहेर आलो तर बाबा जाळी दोन्ही हातांनी धरून उभे होते. बोटं जाळीत अडकलेली. मी पाया पडायला वाकलो, तर मला उठवायला ते वाकले नाहीत. नुसते म्हणाले, "चाल, गाडी चुकन."

परतताना दारात गर्दी, तरी उभेच. रायपूरला गाडी थांबली. मी आधी उतरलो. वळून पाहिलं तर ते पायरीवर, एक पाय खाली सोडलेला, आणि तो फलाटापर्यंत पोचवता येत नव्हता. वीतभर अंतर. दोन्ही हातांनी दांड्या धरलेल्या, चेहरा पांढरा, ओठ गच्च मिटलेले. मागून लोक ओरडत होते, "उतरो ना चाचा!"

मी पुढं होऊन दोन्ही हातांनी त्यांची कमर धरली.

शर्टाच्या आत बेल्ट होता. माझा. लोखंडी पट्ट्या बोटांना लागल्या.

"आवाज द्या बाबा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मग मीच म्हणालो, "धरा." आणि त्यांनी हूं केलं, इतकं बारीक की मलाच ऐकू आलं, आणि मी त्यांना खाली घेतलं.

बाकावर नेलं. बसले नाहीत. बसता येत नव्हतं. हे मला बाकापाशी उभं राहून समजलं, चोवीस वर्षं सोबत राहून नाही. चोवीस कुठली? त्यातली मोजून किती राहिलो आहे?

"केव्हापासून?"

"झाली असतीन सात-आठ वर्षं. एक दिवस बंद तोंडानं उचललं."

"मले काहून नाही सांगितलं?"

त्यांनी फलाटाकडे पाहिलं. रागानं बोलले असते तर बरं झालं असतं.

"कोणाले सांगू? तू कोन्त्या गावी होता तेव्हा?"

त्या वर्षी मी नांदेडला असेन. किंवा अजून कुठं. मी आठवायचा प्रयत्न केला, गाडी सुटेपर्यंत. नाहीच आठवलं.


२१ फेब्रुवारी

सकाळी ही वही पहिल्या पानापासून वाचली. आईला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "मोजे कोण घालून देते त्यांचे?" आणि भाजी चिरू लागली.

रुचिता मॅडमला फोन केला. सोमवारी बोलावलं आहे. तोवर काही उचलू द्यायचं नाही. उताणं झोपवून, गुडघे उभे करून, फक्त श्वास. आत घ्यायचा, सोडायचा, सोडताना हळूच पोट आवळायचं, पाचच वेळा.

बाबा आधी नाही म्हणाले. मग तख्तावर झोपले, कारण त्यांना दुसरं काही करताही येत नव्हतं. मी त्यांच्या बेंबीखाली पंजा ठेवला. "इथून," म्हणालो.

"मालूम आहे बे मले. मीच शिकवलं."

"मग करा ना."

केलं. पाच वेळा. तिसऱ्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं, ते आम्ही दोघांनीही पाहिलं नाही असं केलं. तुटक्या कानाचं मांजर आलं होतं, त्याला बाहेर काढलं. राकेशचा फोन वाजला, समुद्राचा फोटो पाठवला आहे म्हणाला. उघडला नाही अजून.

वहीचं नवं पान काढलं. वर नाव लिहिलं, नत्थू मेश्राम, वय ६१. विचारलं, दहापैकी किती दुखून राहिलं?

बाबांनी छताकडे पाहत थोडा विचार केला.

"तीन," म्हणाले.

मी आठ लिहिलं.